वायफाय सर्व्हेचे साहित्य घेताना पैसे कुठे घालावेत

नाशिकमधील एका व्यावसायिकाने विचारले आहे, की सीसीटीव्ही आणि केबलिंगची कामे करता करता त्यांच्याकडे आता वायफायची दोन कामे चालून आली आहेत. एक काम उंच रॅक असलेल्या गोदामाचे आहे, ज्याच्या एका टोकाला शीतगृह आहे, आणि दुसरे मध्यम आकाराच्या रुग्णालयाचे. दोन्ही ग्राहकांनी एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल पुरवणारी ॲक्सेस पॉइंट उपकरणे, बसवण्याआधी साइट सर्व्हेचा, म्हणजे जागेवर सिग्नल मोजून केलेल्या पाहणीचा, लेखी अहवाल मागितला आहे. मोबाइलमधील मोफत ॲपवर हे काम भागेल का, की एकाहाऊ कंपनीचे साइडकिक हे सर्व्हेचे खास यंत्र घ्यावेच लागेल, आणि हाताशी असलेल्या मर्यादित रकमेत बॅगेत काय काय असावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न खरेदीच्या यादीचा दिसत असला, तरी यादीकडे वळण्यापूर्वी या अहवालाचे पुढे काय होते ते पाहायला हवे. अहवाल देता तेव्हा तुम्ही ग्राहकाला लेखी सांगत असता, की अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर, अमुक पॉवरवर एपी चालवले तर तुमची उपकरणे सगळीकडे नीट चालतील. चार-सहा महिन्यांनी गोदामातील हातातल्या स्कॅनरचे, ज्याला तिथली मंडळी गन म्हणतात, कनेक्शन एखाद्या गल्लीत तुटू लागते आणि तोच अहवाल टेबलावर येतो. त्या वेळी तुम्हाला त्याच जागी उभे राहून पुन्हा मोजता आले पाहिजे, आणि जुना व नवा आकडा शेजारी ठेवून मधल्या काळात काय बदलले ते दाखवता आले पाहिजे. म्हणून कोणतीही वस्तू घेताना मी एकच कसोटी लावतो: हिच्यामुळे माझे मोजमाप पुन्हा तसेच घेता येईल का, आणि ते दुसऱ्याला पटवून देता येईल का? रंगीत हीटमॅप, म्हणजे कुठे किती सिग्नल आहे हे रंगांनी दाखवणारा नकाशा, कोणतेही सॉफ्टवेअर काढून देते. त्या रंगामागचा आकडा भरवशाचा असावा यासाठी पैसे खर्च करायचे असतात.

काय घ्यावे हे बऱ्याच अंशी कामाच्या टप्प्यावर ठरते, हे आधी मान्य केले पाहिजे. इमारत अजून उभी राहायची असेल, तर भिंतींमुळे होणारी सिग्नलची घट धरून नकाशावर केलेले डिझाइन एवढेच शक्य असते आणि त्यासाठी सॉफ्टवेअरखेरीज फारसे काही लागत नाही. इमारत उभी आहे पण नेटवर्क नाही, अशा ठिकाणी काठीवर तात्पुरता एपी उभारून मोजावे लागते. नेटवर्क चालू असेल, तर सगळीकडे फिरून आहे तेच मोजायचे असते. तुमचे गोदाम दुसऱ्या प्रकारात बसते. रुग्णालयात कुठले तरी जुने वायफाय बहुधा असेलच, त्यामुळे तिथे दुसरा आणि तिसरा असे दोन्ही प्रकार करावे लागतील. याशिवाय ग्राहकाची उपकरणे कोणती, ती २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवरच (लहरींच्या पट्ट्यावरच) चालणारी आहेत की ५ गिगाहर्ट्झवरही चालतात, आणि त्यांवरून फक्त डेटा जातो की बोलणेही होते, यावर किती सिग्नल लागेल ते ठरते. बोलण्यासाठी उणे ६७ डीबीएम सिग्नल (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार) आणि गोंगाटापेक्षा २५ डेसिबल वरचढपणा हे सर्वत्र धरले जाणारे आकडे सुरुवातीला ठीक आहेत. पण उपकरण बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

आता मोबाइल ॲपविषयी. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, समोर उघडे असलेले ॲपसुद्धा दोन मिनिटांत फक्त चार वेळा वायफाय स्कॅन करू शकते. दहाव्या आवृत्तीत डेव्हलपर ऑप्शन्समधून ही मर्यादा बंद करण्याची सोय आली, पण ती बंद आहे की चालू, हे सर्व्हेला निघताना फारसे कोणी तपासत नाही. माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो असे धरले, तर दर तीस सेकंदांनी होणारा स्कॅन म्हणजे दर तीस मीटरना एक नवा आकडा. मधल्या सगळ्या जागी ॲपकडे जुनाच आकडा असतो, आणि हीटमॅप काढणारे ॲप तो जुना आकडा नव्या जागेवर रंगवून मोकळे होते. रुग्णालयाच्या मजल्यावर तीस मीटरमध्ये सलग कितीतरी खोल्या येतात; म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीचा रंग प्रत्यक्षात लिफ्टजवळच्या आकड्याचा असू शकतो. आयफोनवर तर सर्वसाधारण ॲपना आसपासच्या नेटवर्कची सिग्नल-ताकद मिळतच नाही. ॲपलच्या एअरपोर्ट युटिलिटी या ॲपमध्ये सेटिंग्जमधून वायफाय स्कॅनर सुरू करता येतो, तेवढाच एक मार्ग आहे. फोन बॅगेत जरूर असावा. शंकेच्या कोपऱ्यात झटकन डोकावायला, आणि त्या फोनसारख्याच फोनला तिथे काय दिसते ते पाहायला तो उपयोगी पडतो. मात्र ज्यावर तुमची सही होणार आहे, त्या अहवालाचे आकडे फोनवर घेऊ नयेत.

सर्व्हेसाठी बनवलेल्या रिसीव्हरला एवढे पैसे का पडतात, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. एपी साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे आपण इथे आहोत हे कळवणारा छोटा संदेश, पाठवतो. तो निसटू नये म्हणून प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे बँडच्या प्रत्येक छोट्या भागावर, दोनशे मिलिसेकंद थांबायचे म्हटले, तर २.४ गिगाहर्ट्झचे १३ आणि ५ गिगाहर्ट्झचे सुमारे २५ चॅनेल ऐकून एक फेरी पूर्ण व्हायला साडेसात सेकंद लागतात. एकच रेडिओ असलेला यूएसबी ॲडॅप्टर घेऊन तुम्ही चालत असाल, तर तेवढ्या वेळात सात-आठ मीटर पुढे गेलेले असता. साइडकिकमध्ये अनेक रेडिओ हे चॅनेल आपसांत वाटून घेतात, जोडीला वायफायखेरीज इतर लहरीही दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर असतो, त्यामुळे नेहमीच्या चालीने चालूनही दाट मोजमाप मिळते. मोठ्या इमारती सतत मोजणाऱ्यांसाठी हे पैसे वसूल होतात.

तुमच्या गोदामाच्या कामात मात्र परिस्थिती वेगळी आहे. काठीवर तुमचाच एपी असतो आणि त्याचे चॅनेल तुम्हीच ठरवलेले असतात. सॉफ्टवेअरला तेवढे दोनच चॅनेल ऐकायला सांगितले, की एका रेडिओचा साधा ॲडॅप्टरही अर्ध्या सेकंदाच्या आत फेरी पूर्ण करतो. म्हणून पहिल्या कामासाठी टॅमोग्राफसारखे सर्व्हेचे सॉफ्टवेअर आणि त्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्याने मान्य केलेला ॲडॅप्टर पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णालयातील जुने नेटवर्क मोजताना सगळे चॅनेल ऐकावे लागतील. तिथे हळू चालावे, प्रत्येक खोलीच्या दारात क्षणभर थांबावे आणि वेळ जास्त धरूनच दर द्यावा. कमी दरात लवकर उरकण्याचे आश्वासन देऊन साध्या ॲडॅप्टरवर सर्व्हे करणे ही ग्राहकाची फसवणूक होते.

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, परवाना कायमचा आहे की दर वर्षी पैसे भरायचे आहेत, आणि वर्ष संपल्यावर जुन्या सर्व्हेची फाइल उघडता येईल का. फाइल उघडली नाही, तर जुना आकडा नव्याशेजारी ठेवण्याचा मुद्दाच संपतो. दुसरी, ॲडॅप्टर भारतात वापरले जाणारे सगळे चॅनेल ऐकतो का. अमेरिकेसाठी बांधलेली सेटिंग असेल, तर २.४ गिगाहर्ट्झमधले बारावे आणि तेरावे चॅनेल ऐकलेच जात नाही, आणि शेजारच्या दुकानाचा राउटर नेमका तेराव्यावर असला तरी तुमच्या नकाशावर तो उमटत नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे २०१८च्या अधिसूचनेने परवानामुक्त केलेल्या पट्ट्यांत आहे. शंभरपासून पुढचे ते चॅनेल ॲडॅप्टरने ऐकलेच पाहिजेत. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी, केंद्राच्या दूरसंचार विभागाने मे २०२५मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. तुमच्या गोदामातील गनना त्याचा आज काही उपयोग नाही, पण रुग्णालयासारख्या ठिकाणी लॅपटॉप आणि फोन बदलत राहतात, तेव्हा आता नवा ॲडॅप्टर घेताना तो तीनही बँड ऐकणारा घ्यावा.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. तुमच्या ॲडॅप्टरला जो सिग्नल दिसतो, तो गनला दिसत नसतो. गनचा अँटेना लहान, तो हाताच्या पंजाखाली झाकलेला, आणि आत सगळे दाटीवाटीने बसवलेले. त्यामुळे तिला साधारणपणे कमीच ऐकू येते. काट्याला पासंग असला तरी तो किती आहे हे ठाऊक असले, की वजन बरोबर करता येते. इथेही तसेच करायचे. काठीवरचा एपी चालू करून त्याचे चॅनेल आणि पॉवर पक्की करावी. पाच-सहा मीटरवर, आसपास लोखंडी कपाट नसेल अशा जागी, लाकडी स्टुलावर गन आणि ॲडॅप्टर शेजारी-शेजारी ठेवावेत. दोन्ही त्याच एपीला, त्याच बँडवर ऐकत आहेत याची खात्री करून मिनिटभर दोघांचे आकडे लिहून घ्यावेत. मग दोन्ही पाव वळण फिरवून पुन्हा लिहावेत, असे चारही दिशांना. शेवटी एक फेरी, नेहमी गन वापरणाऱ्या कामगाराच्या हातात ती देऊन घ्यावी. समजा, ॲडॅप्टरवर सरासरी उणे ५८ येते आणि गनवर उणे ६५, तर पासंग ७ डेसिबलचा झाला. गनला उणे ६७ मिळावे असे ठरले असेल, तर तुमच्या हीटमॅपवर सर्वत्र निदान उणे ६० दिसले पाहिजे. हा तक्ता अहवालाच्या पहिल्या पानांत घालावा. डिझाइनमध्ये एपी जास्त का धरले, असे ग्राहकाचा खरेदी विभाग विचारणारच, आणि त्याचे उत्तर या तक्त्यात असते.

गन नेमके काय काय करू शकते हे तिच्या माहितीपत्रकापेक्षा खात्रीने कळायला हवे असेल, तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारे वायलॅन पाय हे मुक्तस्रोत साधन जरूर जवळ ठेवावे. त्यातील प्रोफायलर तात्पुरते नेटवर्क उभारतो. गन त्याला जोडू पाहते तेव्हा कोणते बँड, किती स्ट्रीम (एकाच वेळी चालणारे डेटाचे प्रवाह) आणि रोमिंगसाठीच्या, म्हणजे एका एपीवरून दुसऱ्यावर जाण्यासाठीच्या, कोणत्या सोयी तिच्याकडे आहेत हे ती स्वतःच सांगते. तेच साधन वायरशार्क या सॉफ्टवेअरने तपासण्यासाठी पॅकेट (डेटाचे तुकडे) पकडायला आणि नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या आयपर्फ या प्रोग्रामचा सर्व्हर म्हणूनही चालते. विंडोजच्या लॅपटॉपवर वायफायची पॅकेट नीट पकडणे जिकिरीचे असते, त्यामुळे त्याची सोबत फार उपयोगी पडते.

आता काठीवरच्या एपीकडे येऊ. जो एपी विकणार आहात, शक्यतो तोच मॉडेल काठीवर असावा. अगदीच शक्य नसेल, तर निदान अँटेनाचा प्रकार तोच असावा. हा एपी कंट्रोलर (सगळे एपी एका जागेवरून चालवणारे यंत्र) किंवा इंटरनेट नसताना दिलेल्या चॅनेलवर आणि दिलेल्या पॉवरवर स्थिर चालतो का, हे कार्यालयातच तपासून निघावे, कारण क्लाउडवरून चालणारे काही एपी जोडणी नसली की आपल्या मनाने वागतात. पॉवर कमाल ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झवर डिझाइनमध्ये १४ डीबीएम, म्हणजे सुमारे २५ मिलीवॉट धरले असतील, तर सर्व्हेतही तेवढेच ठेवावे. कमाल पॉवरवर एपी दूरवर ऐकू जातो, हीटमॅप हिरवागार दिसतो, आणि प्रत्यक्षात गनचे उत्तर तिच्या मर्यादित पॉवरमुळे एपीपर्यंत पोहोचतच नाही.

एपीला वीज कशी देता, यावरही आकडे बदलतात, आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष असते. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या पीओई तंत्रात जुन्या ८०२.३एएफ पद्धतीचा पोर्ट १५.४ वॉट देतो, त्यांतले १२.९५ वॉट उपकरणापर्यंत पोहोचण्याची हमी असते, ८०२.३एटीमध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ वॉट आहेत. आजचे बरेच एपी पूर्ण क्षमतेसाठी एटी किंवा त्याहून अधिक मागतात. त्यांना एएफवर जोडले तरी ते चालू होतात, दिवा लागतो, नेटवर्क दिसते. पण आतल्या आत काही अँटेना-साखळ्या किंवा एखादा रेडिओ बंद ठेवतात, नाहीतर पॉवर कमी करतात. अशा एपीवर केलेला पूर्ण दिवसाचा सर्व्हे नंतर बसवल्या जाणाऱ्या एपीचा राहत नाही. म्हणून पीओई बॅटरी किंवा इंजेक्टर एटीचा आहे ना हे पाहून घ्यावा, आणि सर्व्हे सुरू करण्याआधी एपीच्या स्टेटस पानावर पूर्ण वीज मिळत असल्याची नोंद पाहून तिचा स्क्रीनशॉट ठेवावा. सर्व्हेसाठी खास बनवलेल्या पीओई बॅटऱ्या महाग असतात. विजेची सोय असलेल्या ठिकाणी एटी इंजेक्टर आणि लांब एक्स्टेन्शन बोर्डवर काम होते, पण फोर्कलिफ्ट फिरणाऱ्या गल्लीत जमिनीवर वायर टाकणे धोक्याचे आहे, तिथे बॅटरीला पर्याय नाही. बाहेरगावी विमानाने जायचे असेल, तर १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही. बॅटरी घेताना तिच्यावर हा आकडा स्पष्ट छापलेला आहे का, तेही पाहावे.

काठीसाठी चित्रीकरणातील दिव्यांचा मजबूत स्टँड आणि पायाशी वाळूच्या पिशव्या ही व्यवस्था चांगली चालते. छताला लागणारा एपी स्टँडवर उभा बांधू नये. तो जसा छताला बसणार तसाच, तोंड खाली करून आडवा बांधावा, कारण त्याच्या अँटेनाचा फैलाव त्या स्थितीसाठी आखलेला असतो. रुग्णालयात फॉल्स सीलिंगच्या उंचीपर्यंत स्टँड सहज पोहोचतो. गोदामात छत दहा-बारा मीटरवर असेल, तर स्टँडचा उपयोग नाही. ग्राहकाकडून सिझर लिफ्ट आणि ती चालवणारा माणूस मागावा, आणि ही अट कोटेशनमध्येच लिहावी. खालून, तीन-चार मीटरवर मोजून वरचा अंदाज बांधू नये, कारण रॅकच्या वरून जाणारा सिग्नल आणि रॅकच्या मधून जाणारा सिग्नल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

रॅकमध्ये माल आहे की नाही, हाही मोजमापाचाच भाग आहे. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, ओला माल सिग्नल शोषून घेतो. रिकामे लोखंडी रॅक तो परावर्तित करतात. रिकाम्या गोदामात केलेला सर्व्हे भरलेल्या गोदामाला लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक गल्लीचा, रॅक किती भरले आहेत हे दाखवणारा फोटो सर्व्हेच्या दिवशीच काढून ठेवावा.

रुग्णालयात रॅकची जागा भिंती घेतात. सॉफ्टवेअरमध्ये भिंतींच्या प्रकारांसाठी तयार आकडे असतात, पण ते आपल्या बांधकामाला तंतोतंत लागू होतील असे गृहीत धरू नये. एकाच रुग्णालयाच्या जुन्या भागात दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत, नव्या भागात हलक्या ब्लॉकची, ओपीडीत ॲल्युमिनियमचे पार्टिशन आणि जिन्याशेजारी काँक्रीटची भिंत असे सगळे प्रकार भेटतात. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोल्यांच्या दारांत शिशाचा पत्रा असतो, आणि तो सिग्नल अडवतो. हे मोजायला जास्तीचे काही लागत नाही. काठीवरचा एपी भिंतीपासून पाच-सहा मीटर दूर ठेवावा, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे समोरासमोर मोजावे, वजाबाकी हीच त्या भिंतीची घट. एपी भिंतीला खेटून ठेवला, तर पलीकडे जाताना अंतर एकदम कितीतरी पटीने वाढते आणि अंतराची घटही भिंतीच्या नावावर लिहिली जाते. पाच-सहा मीटरवर ही चूक एखाद-दीड डेसिबलच्या आसपास राहते. प्रत्येक प्रकारच्या भिंतीचे निदान दोन-तीन ठिकाणी मोजून, ते आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरून मगच डिझाइन करावे.

नकाशा आणि अंतर यांबाबत थोडक्यात सांगतो. साधे लेझर मीटर घ्यावे, त्यासाठी महागड्या मॉडेलची गरज नाही. उघड्या आवारात उन्हात त्याचा लाल ठिपका दिसत नाही, म्हणून लांब टेपही असावी. नकाशाला स्केल देताना दरवाजाची रुंदी धरू नये. खात्रीने मोजता येईल असे सर्वांत लांब अंतर, जसे गोदामात एका टोकाच्या खांबापासून दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंतचे, धरावे. स्केलमध्ये १० टक्के चूक झाली, तर क्षेत्रफळात २१ टक्क्यांची होते आणि एपींची संख्याच चुकते. ड्रॉइंग ऑटोकॅडचे मागावे, आणि जुन्या इमारतीत ते प्रत्यक्षाशी जुळते का हे आधी एक फेरी मारून पाहावे.

स्पेक्ट्रम ॲनालायझर लगेच घ्यावा का? गोदाम मोकळ्या जागी असेल, तर घाई नाही. रुग्णालय गावात, दाट वस्तीत असेल, तर त्याशिवाय काम अपुरे राहते. वायफायचा रिसीव्हर फक्त वायफाय ओळखतो. कँटीनमधला मायक्रोवेव्ह, जुने ॲनालॉग वायरलेस कॅमेरे, आणि गच्चीवरून कॅमेऱ्यांसाठी किंवा इंटरनेटसाठी टाकलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या लिंक, ज्यांतल्या काही कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने चालतात, यांतले काहीच स्कॅनच्या यादीत येत नाही. यादी रिकामी दिसते, चॅनेल मोकळे वाटते आणि तिथे लावलेला एपी मात्र रडतखडत चालतो. मेटागीकचा वायस्पाय हे यूएसबीवर चालणारे साधन या कामासाठी बरेच वापरले जाते. सध्या रक्कम कमी असेल, तर रुग्णालयाच्या कामापुरते ज्याच्याकडे ते आहे अशा व्यावसायिकाला एका दिवसासाठी सोबत घ्यावे, आणि त्याचे नाव अहवालात द्यावे. कॅमेऱ्याच्या कामामुळे गच्चीवरच्या लिंक तुम्ही स्वतः लावलेल्या असतील. नेमक्या कोणत्या चॅनेलवर त्या आहेत, हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल.

केबलिंग तुमचा मूळ व्यवसाय असल्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. तरी एवढे सांगतो, की वायफायच्या नावाने येणाऱ्या बऱ्याच तक्रारी प्रत्यक्षात केबल, स्विच किंवा डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या सेवेच्या, निघतात. स्विचचा पोर्ट, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे केलेले वेगळे भाग) आणि पीओई किती मिळते हे दाखवणारा छोटा लॅन टेस्टर सर्व्हेच्या बॅगेतच असावा. वेगाची चाचणी करताना इंटरनेटवरील स्पीड टेस्ट वापरू नये, ती ग्राहकाच्या इंटरनेट लाइनचा वेग सांगते. स्विचला केबलने जोडलेल्या एका लॅपटॉपवर आयपर्फचा सर्व्हर ठेवून मोजावे.

औद्योगिक वसाहतीतील गेटवर अर्धा दिवस जाऊ द्यायचा नसेल, तर सर्व वस्तूंची, सीरियल नंबरसह, कंपनीच्या लेटरहेडवरील यादी दोन प्रतींत सोबत ठेवावी आणि रिटर्नेबल गेट पास आदल्या दिवशीच करून घ्यावा. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, तेव्हा फोटोची परवानगी लेखी मागावी. फोटोशिवाय रॅकची आणि एपीच्या जागेची नोंद राहत नाही. सेफ्टी शूज, हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, काठीभोवती ठेवायला दोन-चार कोन, केबल टाय, वेल्क्रोच्या पट्ट्या, मार्कर हे सगळे स्वस्त असते, पण नसले तर काम थांबते. गोदामात एकट्याने सर्व्हे करू नये. चालताना नजर स्क्रीनवर असते, म्हणून फोर्कलिफ्टकडे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस हवाच.

शीतगृहाच्या पॅनेलना दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, त्यामुळे बाहेरच्या एपीचा सिग्नल आत मिळेल असे धरूच नये. आत वेगळा एपी धरावा आणि दार बंद करून मोजावे. थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. आतून बाहेर येताना लॅपटॉप आणि ॲडॅप्टर आतमध्येच, कोरड्या हवेत, झिप असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावेत, आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. नाहीतर बाहेरच्या दमट हवेत उपकरणाच्या आतबाहेर दव धरते, आणि एका खेपेत लॅपटॉप कामातून जाऊ शकतो.

तुमच्या जागी मी असतो, तर पहिली रक्कम सॉफ्टवेअर आणि मान्यताप्राप्त ॲडॅप्टरला दिली असती, लगेच त्याच्या जोडीला एटी पीओई बॅटरी आणि चांगला स्टँड घेतला असता, कारण तुमच्या दोन्ही कामांत काठीवरच्या एपीशिवाय चालणार नाही. एपी विक्रेत्याकडून सर्व्हेपुरता मागून आणता येतो. लेझर मीटर, लॅन टेस्टर आणि वायलॅन पाय यांना तुलनेने कमी लागते. स्पेक्ट्रम ॲनालायझर रुग्णालयापुरता दुसऱ्याचा. साइडकिकचा विचार, चालू नेटवर्कची मोठी कामे महिन्यामागून महिना मिळू लागली की करावा. गोदाम आत्ता अर्धवट भरलेले असेल, तर कोटेशनमध्ये दोन भेटी स्वतंत्र ओळींत दाखवाव्यात: एक आताची, काठीवरच्या एपीची, आणि दुसरी एपी लागून रॅक पूर्ण भरल्यानंतरची, त्याच ॲडॅप्टरने, त्याच गल्ल्यांतून, त्याच पासंगाच्या तक्त्यासह. दुसऱ्या भेटीचे पैसे आताच मान्य करून घेतले नाहीत, तर ती भेट बहुधा फुकट करावी लागते, किंवा होतच नाही.